परक्या यकृताशी सलोखा : प्रस्तावना

यकृत प्रत्यारोपणाची शस्त्रक्रिया साधारण दिवसभरात आटोपते. तिच्यासोबत सुरू होणारी औषधे मात्र बहुतेक रुग्णांना जन्मभर सुटत नाहीत. सकाळ-संध्याकाळ ठरल्या वेळी टॅक्रोलिमसची गोळी, ठरावीक दिवसांनी रक्तातल्या तिच्या पातळीची तपासणी, क्रिएटिनिनवर डोळा आणि ताप आला की तो साधाच आहे ना याची धास्ती, असे हे जगणे असते. ही औषधे नसती तर यकृत प्रत्यारोपण ही उपचारपद्धती उभीच राहिली नसती, हे आधी मान्य केले पाहिजे. पण त्यांची किंमत शरीरालाच चुकवावी लागते. प्रतिकारशक्ती सरसकट दबली की नव्या यकृताला अभय मिळते, आणि तेच अभय क्षयाच्या जंतूंना, शरीरात दबून बसलेल्या विषाणूंना आणि एरवी वेळीच मारल्या गेल्या असत्या अशा कर्कपेशींनाही मिळते. टॅक्रोलिमस आणि सायक्लोस्पोरिन या औषधांचा मूत्रपिंडावरचा परिणाम तर सर्वांत चिवट. मूत्रपिंड सोडून इतर अवयव मिळालेल्या अमेरिकेतल्या सुमारे ६९ हजार रुग्णांच्या नोंदींचा अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला. यकृत मिळालेल्यांपैकी सुमारे १८ टक्के लोकांची मूत्रपिंडे पाच वर्षांच्या आत गंभीररीत्या निकामी झाल्याचे त्यात दिसले. त्याला एकटी औषधेच जबाबदार नव्हती, पण त्यांचा वाटा मोठा होता.

दात्याचे यकृत शरीराने औषधांच्या धाकाविना आपलेसे करावे, असे घडवून आणता येईल का, हा या पुस्तकाचा विषय आहे. बाकी सगळ्या परक्यांशी शरीराने पूर्वीप्रमाणे लढत राहावे आणि फक्त या एका अवयवाला सोडून द्यावे, या अवस्थेला प्रतिकारसहिष्णुता म्हणतात. डॉक्टरांच्या व्यवहारात तिची कसोटी सरळ आहे. औषधे पूर्ण थांबवल्यावर किमान वर्षभर यकृत नीट चालले आणि रिजेक्शन झाले नाही, तर रुग्ण सहिष्णू झाला असे मानतात. पुस्तकातले लेखक वेगवेगळ्या शाखांमधून आले आहेत आणि त्यांचे आपसांत मतभेदही आहेत. त्या सगळ्यांचे लेखन एकत्र वाचल्यावर माझ्यापुरता जो निष्कर्ष निघाला, तो इथे मांडतो. यकृताच्या बाबतीत सहिष्णुता घडते का, हा प्रश्न आता मागे पडला आहे. ती घडते, याचे पुरावे भरपूर आहेत. अडचण आहे ती वेळेची. आपसूक येणारी सहिष्णुता बहुधा फार उशिरा येते, आणि तोवर औषधांनी जे बिघडवायचे ते बिघडवलेले असते. पेशींच्या साहाय्याने केले जाणारे उपचार म्हणजे हा काळ आवळण्याची धडपड आहे, असे धरून चालले की वरवर विखुरलेले वाटणारे प्रयोग एका सूत्रात येतात आणि त्यांचे यशापयशही समजू लागते.

वेळेचा हा धागा या शास्त्राच्या जन्मापासूनच आहे. दुसऱ्या महायुद्धात भाजलेल्या रुग्णांवर परक्या माणसाची त्वचा लावून पाहताना ग्लासगोमध्ये थॉमस गिब्सन आणि पीटर मेदावार यांना १९४३ साली दिसले, की त्याच दात्याची त्वचा दुसऱ्यांदा लावली तर ती पहिलीपेक्षा लवकर गळून पडते. म्हणजे शरीर परक्याला नुसते नाकारत नाही, त्याची आठवणही ठेवते. दोनच वर्षांनी अमेरिकेत रे ओवेन यांनी याच्या अगदी उलट गोष्ट दाखवली. गर्भात असताना ज्या जुळ्या वासरांचा रक्तप्रवाह एकमेकांत मिसळतो, त्यांच्या अंगात भावंडाच्या रक्तपेशी मोठेपणीही सुखाने नांदत असतात. १९४९ साली मॅकफार्लेन बर्नेट आणि फ्रँक फेनर यांनी यावरून तर्क बांधला, की आपले कोण आणि परके कोण हे शरीर जन्मतः जाणत नाही. वाढीच्या ठरावीक काळात ते शिकते. रूपर्ट बिलिंगहॅम, लेस्ली ब्रेंट आणि मेदावार यांनी १९५३ साली तो तर्क सिद्ध केला. त्यांनी उंदरांच्या गर्भात दुसऱ्या जातीच्या उंदराच्या पेशी टोचल्या. ती पिल्ले मोठी झाल्यावर त्याच जातीची त्वचा त्यांनी बिनतक्रार स्वीकारली आणि तिसऱ्या जातीची मात्र नाकारली. बर्नेट आणि मेदावार यांना १९६० साली नोबेल मिळाले. पहिला सहिष्णुता-प्रयोग हा पेशी-उपचारच होता, ही गोष्ट आज सहज विसरली जाते. तो साधला याचे कारण पेशी योग्य वेळी, म्हणजे प्रतिकारयंत्रणा अजून घडत असताना, दिल्या गेल्या होत्या. मोठ्या माणसाच्या बाबतीत ती वेळ केव्हाच टळून गेलेली असते. पुढच्या सात दशकांचे संशोधन ही टळलेली वेळ पुन्हा आणण्याच्या मागे लागले आहे.

शस्त्रक्रियेचा इतिहास याला समांतर चालला. जोसेफ मरे यांनी बॉस्टनमध्ये १९५४ साली एकसारख्या जुळ्या भावांमध्ये मूत्रपिंड बदलून प्रतिकाराचा प्रश्नच टाळला. थॉमस स्टार्झल यांनी डेन्व्हरमध्ये १९६३ साली माणसातले पहिले यकृत प्रत्यारोपण केले, तेव्हा रुग्ण बालक शस्त्रक्रियेतच दगावले. वर्षभराहून अधिक जगलेला रुग्ण दिसायला १९६७ उजाडले. त्यानंतर रॉय काल्न यांनी केंब्रिजमध्ये वापरात आणलेले सायक्लोस्पोरिन आणि स्टार्झल यांनी पिट्सबर्गमध्ये १९८९ साली वापरलेले टॅक्रोलिमस यांनी सगळे चित्र पालटले. आज चांगल्या केंद्रांमध्ये १०० पैकी ९० हून अधिक रुग्ण पहिले वर्ष पार करतात. या यशामुळे सहिष्णुतेचा शोध बराच काळ बाजूला पडला. गोळीने भागते आहे, मग आणखी खटाटोप कशाला, अशी भावना होती आणि ती अगदीच निराधार नव्हती.

पण यकृत हा अवयव इतरांसारखा नाही, याची खूण औषधांच्या या सुवर्णकाळाआधीच मिळाली होती. काल्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६९ साली डुकरांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. एकमेकांशी नाते नसलेल्या डुकरांमध्ये यकृत बदलले, तर कुठलेही औषध न देता अनेक प्राणी दीर्घकाळ जगत होते. त्याहून विलक्षण म्हणजे, यकृत स्वीकारलेले डुक्कर त्याच दात्याचे मूत्रपिंड आणि त्वचाही एरवीपेक्षा जास्त काळ टिकवत होते. यकृत स्वतः तर बचावत होतेच, आपल्या सोबत्यांनाही आश्रय देत होते. पुढे उंदरांच्या कित्येक जातींमध्ये हेच दिसले. माणसातही यकृत आणि मूत्रपिंड एकाच दात्याकडून घेतले, तर मूत्रपिंडावरचा हल्ला बऱ्याचदा सौम्य राहतो.

याचे कारण यकृताच्या रोजच्या कामात आहे. त्याच्याकडे येणाऱ्या रक्तापैकी सुमारे तीन चतुर्थांश रक्त पोर्टल शिरेतून, थेट आतड्यांकडून येते. त्यात पचलेल्या अन्नाचे अंश असतात आणि आतड्यातल्या जिवाणूंचे तुकडेही असतात. या प्रत्येक परक्या कणावर यकृताने दाह भडकवला असता तर जेवणानंतर दर वेळी हेपॅटायटिस झाला असता. म्हणून यकृताच्या आतल्या पेशी परक्याची ओळख पटवताना प्रतिकारपेशींना जोडीने आवर घालणारे इशारेही देतात. सूक्ष्म रक्तवाहिन्यांचे अस्तर, तिथल्या कुप्फर पेशी, तारकाकृती पेशी, सगळ्यांचाच यात सहभाग असतो. सिडनीतल्या संशोधकांनी दाखवलेली एक गोष्ट मला फार बोलकी वाटते. यकृतातच पहिल्यांदा जाग्या झालेल्या टी पेशी पुष्कळदा तिथेच मरतात; काहींना तर यकृताच्या पेशी अक्षरशः गिळून नष्ट करतात. हल्लेखोर यकृतात शिरतो आणि तिथेच संपतो. यातून एक विचित्र स्थिती उभी राहते. या मरणासाठी आधी टी पेशींना जाग यावी लागते, आणि आपली औषधे नेमकी ती जागच थोपवतात. प्रत्यारोपणानंतर लगेच स्टेरॉइडचा मोठा डोस दिला तर उंदरांमधली आपसूक सहिष्णुता मोडते, असे प्रयोगांत दिसले आहे. टॅक्रोलिमस इंटरल्यूकिन-२ या रेणूची निर्मिती रोखते, आणि हल्ला आवरणाऱ्या नियामक पेशी त्याच रेणूवर जगतात. रुग्णाचे रक्षण करणारी औषधेच सहिष्णुतेची वाट लांबवत असावीत, ही शंका त्यामुळे रास्त ठरते.

माणसात ही वाट किती लांबते, याचे उत्तर औषधे सावकाश कमी करून पाहणाऱ्या चाचण्यांनी दिले. काही रुग्णांनी आपण होऊन गोळ्या सोडल्या आणि तरीही ते ठणठणीत राहिले, हे स्टार्झल यांच्या लक्षात आले होते. त्यावरून १९९० च्या दशकात पिट्सबर्गला आणि पाठोपाठ जपानात क्योटोला देखरेखीखाली औषधे बंद करण्याचे प्रयत्न सुरू झाले. (आपण होऊन गोळ्या सोडणाऱ्या इतर रुग्णांनी यकृत आणि प्राणही गमावले आहेत. या पुस्तकातले काहीही स्वतःच्या मनाने गोळी कमी करण्यास आधार देत नाही.) अमेरिकेत २० मुलांवर झालेली आणि २०१२ साली प्रसिद्ध झालेली चाचणी पाहा. या मुलांना आई किंवा वडिलांच्या यकृताचा तुकडा मिळालेला होता आणि प्रत्यारोपणाला किमान चार वर्षे उलटली होती. २० पैकी १२ मुले औषधमुक्त झाली. नंतरच्या ८८ मुलांच्या मोठ्या चाचणीत मात्र हे प्रमाण ३३ वर, म्हणजे ३७.५ टक्क्यांवर आले. युरोपात आल्बेर्तो सांचेझ-फुएयो आणि सहकाऱ्यांनी ९८ प्रौढांमध्ये औषधे थांबवून पाहिली, त्यात ४१ जण सहिष्णू निघाले. या अभ्यासाचे मर्म सरासरीत नाही. प्रत्यारोपणाला दहा वर्षांहून अधिक काळ लोटलेल्यांमध्ये दर पाचांपैकी जवळपास चार जण औषधाविना राहू शकले, आणि अलीकडेच प्रत्यारोपण झालेल्यांमध्ये अगदी थोडे. मूत्रपिंडे पाच वर्षांत थकायला लागतात आणि गोळी सोडण्याची खरी संधी दहा वर्षांनी येते. या दोन आकड्यांमधले अंतर हीच या क्षेत्राची मध्यवर्ती अडचण आहे.

हे अंतर कसे भरावे, यावर तीन विचारधारा आहेत. पहिली मेदावारांच्या थेट वारसांची. दात्याची अस्थिमज्जा रुग्णाच्या शरीरात रुजवली, की पुढे घडणाऱ्या प्रतिकारपेशी दात्यालाही आपले समजूनच मोठ्या होतील, असा तिचा विचार. बॉस्टनमधल्या गटाने २००८ साली ऊतींचा जुळणीगट वेगळा असलेल्या पाच रुग्णांमध्ये मूत्रपिंड आणि अस्थिमज्जा एकत्र देऊन ही कल्पना माणसात राबवली आणि त्यांपैकी बहुतेकांची औषधे थांबली. यकृताच्या बाबतीत ही वाट अवघड आहे. त्यासाठी आधी जी किरणे वा रसायने द्यावी लागतात, ती सिरॉसिसने खंगलेल्या शरीराला सोसत नाहीत. शिवाय दात्याच्या रुजलेल्या पेशींनी रुग्णावरच उलटण्याचा धोका असतो. ऑस्ट्रेलियात एका नऊ वर्षांच्या मुलीच्या बाबतीत दात्याच्या पेशी आपसूक रुजल्याची नोंद त्याच २००८ साली प्रसिद्ध झाली. यकृतासोबत आलेल्या दात्याच्या मूलपेशींनी तिचे सगळे रक्त बदलून टाकले, रक्तगटही बदलला आणि तिची औषधे थांबवता आली. असे प्रसंग अपवादानेच घडतात. त्यांवर उपचारपद्धती उभारता येत नाही. दुसरी विचारधारा स्टार्झल यांची. यकृतासोबत येणाऱ्या दात्याच्या मोजक्या पेशी रुग्णाच्या शरीरात पसरून टिकतात आणि त्याच सलोखा घडवतात, असे त्यांनी १९९२ पासून आग्रहाने मांडले. या पेशी सलोख्याचे कारण आहेत की फळ, हा वाद पुरता मिटलेला नाही. तरीही अवयवासोबत प्रवास करणाऱ्या पेशींकडे लक्ष वेधण्याचे श्रेय निर्विवादपणे त्यांचे.

तिसरी धारा नियमनाची, आणि आजचे बहुतेक पेशी-उपचार तिच्यातूनच निघाले आहेत. हल्ला आवरणाऱ्या टी पेशी असाव्यात, असे रिचर्ड गेरशॉन यांनी १९७० च्या सुमारास सुचवले होते. पुढे पुरावे विस्कटले आणि १९८० च्या दशकात ही कल्पना जवळजवळ बदनाम झाली. शिमोन साकागुची यांनी चिकाटी सोडली नाही. सीडी२५ ही खूण धारण करणाऱ्या थोड्या टी पेशी काढून टाकल्या, की उंदराचे शरीर स्वतःवरच तुटून पडते, हे त्यांनी १९९५ साली दाखवले. मेरी ब्रंकाव आणि फ्रेड रॅम्सडेल यांनी २००१ साली एका रोगट उंदराच्या वंशातून फॉक्सपी३ हे जनुक शोधले. माणसात तेच जनुक बिघडले तर लहान मुलांना जीवघेणा स्वप्रतिकारी आजार होतो. या तिघांना २०२५ चे वैद्यकाचे नोबेल मिळाले. नियामक पेशींचा सर्वांत उपयोगी गुण हर्मन वॉल्डमन यांच्या गटाने १९९३ सालीच उंदरांत दाखवला होता. सहिष्णू प्राण्यातल्या पेशी नव्याने आलेल्या पेशींनाही सहिष्णू करतात. विरजणाच्या थेंबाने सगळे दूध लागावे तसे हे आहे. फक्त दूध फार तापलेले असले तर विरजण टिकत नाही, हेही तितकेच खरे. शस्त्रक्रियेनंतरच्या दाहात नियामक पेशी सोडायच्या की दाह ओसरू द्यायचा, आणि ओसरू द्यायचा तर किती, यावर आजचे गट विभागलेले आहेत.

सर्वांत धीट आणि सर्वांत परिणामकारक प्रयत्न जपानातल्या होक्काइदो विद्यापीठातून आला. सातोरू तोदो आणि सहकाऱ्यांनी जिवंत दात्याकडून यकृत घेणाऱ्या दहा प्रौढांच्या लिम्फ पेशी आणि दात्याच्या, किरणांनी निष्क्रिय केलेल्या, पेशी प्रयोगशाळेत दोन आठवडे एकत्र वाढवल्या. टी पेशीला चेतवणारा दुसरा इशारा त्यांनी प्रतिपिंडांनी बंद ठेवला. अशा परिस्थितीत दात्याला ओळखणाऱ्या, पण त्याच्यावर न चालून जाणाऱ्या नियामक पेशी वाढतात. शस्त्रक्रियेनंतर पाचव्या दिवशी सायक्लोफॉस्फामाइड देऊन हल्लेखोर पेशी विरळ केल्या आणि तेराव्या दिवशी या पेशी शिरेतून दिल्या. सहाव्या महिन्यापासून औषधे कमी करत नेली. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अहवालानुसार दहापैकी सात जण पूर्ण औषधमुक्त झाले. एरवी दशकभर लागणारा पल्ला दीड वर्षात गाठला गेला. दहा हा आकडा लहान आहे आणि तुलनेसाठी वेगळा गट नव्हता, तरी हा काळ आवळता येतो, याचा एवढा ठळक पुरावा दुसरा नाही.

याच्या शेजारी इतर चाचण्या ठेवून पाहिल्या की वेळेचा मुद्दा आणखी उठून दिसतो. लंडनच्या किंग्ज कॉलेजमध्ये नऊ रुग्णांना त्यांच्याच नियामक पेशी, दात्याची वेगळी ओळख न शिकवता, वाढवून दिल्या. उपचार सुरक्षित ठरला, दात्याविरुद्धचा प्रतिसादही मंदावला, पण सहिष्णुता साधली असे म्हणता आले नाही. त्याच शहरात स्थिरावलेल्या रुग्णांना इंटरल्यूकिन-२ चे सूक्ष्म डोस देऊन नियामक पेशींची संख्या वाढवली गेली. संख्या वाढली, तरी औषधे कमी करताना रिजेक्शन झालेच. अमेरिकेत दात्याला ओळखणाऱ्या नियामक पेशीच निवडून वाढवण्याचा प्रयत्न झाला, तेव्हा प्रत्यारोपणानंतर या पेशी रुग्णाच्या रक्तातून घटत जातात, असे २०२२ साली निदर्शनास आले. पुरेशा पेशी तयार होणेच कठीण झाल्याने मोजक्याच रुग्णांना त्या देता आल्या. उशीर झाला की कच्चा मालच आटतो. पिट्सबर्गचा गट म्हणूनच उलट टोकाला गेला. अँगस थॉमसन, अभिनव हुमर आणि सहकारी शस्त्रक्रियेच्या सात दिवस आधीच, दात्याच्या रक्तातून जीवनसत्त्व ड आणि इंटरल्यूकिन-१० यांच्या साहाय्याने घडवलेल्या नियामक डेंड्रिटिक पेशी देतात. बेल्जियममध्ये लीजला दहा रुग्णांना दिलेल्या मेसेन्कायमल पेशी मात्र सुरक्षित असूनही निष्प्रभ ठरल्या. सर्वांत नवी दिशा जनुकसंस्कारित पेशींची. दात्याच्या पेशींवर असलेली आणि रुग्णात नसलेली एचएलए-ए२ ही खूण ओळखणारा कृत्रिम ग्राहक नियामक पेशींवर बसवून त्या थेट यकृताकडे पाठवण्याची चाचणी ब्रिटनमध्ये सुरू झाली आहे. ओळख शिकवण्यासाठी दात्याच्या पेशींची गरज न उरणे, हा तिचा मोठा फायदा.

या सगळ्यावर गंभीर आक्षेप आहेत आणि ते टाळून पुढे जाणे प्रामाणिक ठरणार नाही. पहिला आक्षेप असा, की टॅक्रोलिमसचा छोटा डोस एवढा उपयोगी असताना मिळालेले एकमेव यकृत पणाला का लावावे? यकृत पुन्हा वाढते, आणि लवकर लक्षात आलेले रिजेक्शन बहुधा औषध परत सुरू केल्यावर आवरते, हे उत्तर खरे आहे, पण अर्धेच. क्योटोत औषधमुक्त झालेल्या काही मुलांच्या बायोप्सीत रक्ततपासण्या सुरळीत असतानाच यकृतात तंतू साचू लागल्याचे दिसले. औषध परत दिल्यावर ते कमी झाले. म्हणजे एन्झाइम सुरळीत म्हणून सहिष्णुता आली, असे धरता येत नाही. सहिष्णुतेच्या प्रत्येक दाव्यासोबत बायोप्सी मागितली पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. दुसरा आक्षेप कर्करोगाचा. यकृताच्या कर्करोगासाठीही प्रत्यारोपण होते, आणि नियामक पेशी कर्कपेशींनाही संरक्षण देऊ शकतात. फक्त दात्याला ओळखणाऱ्या पेशी वापरल्या तर हा धोका कमी होतो. नाहीसा होत नाही. याशिवाय दाहात सापडलेली नियामक पेशी आपला स्वभाव सोडून हल्लेखोर होऊ शकते, असेही प्रयोगांत दिसले आहे. तिसरा आक्षेप खर्चाचा. प्रत्येक रुग्णासाठी वेगळी, निर्जंतुक प्रयोगशाळेत आठवडे घेऊन वाढवलेली पेशी ही आज श्रीमंत देशांनाही जड आहे. पण हा खर्च एकदाचा आहे. त्याची तुलना तीस-चाळीस वर्षांच्या गोळ्या, तपासण्या आणि कदाचित डायलिसिस यांच्याशी व्हायला हवी. लहान वयात यकृत मिळालेल्या मुलाच्या बाबतीत हा हिशेब सर्वांत निकडीचा आहे.

भारतात हा विषय दूरचा नाही, उलट इथे त्याला वेगळेच महत्त्व आहे. पाश्चात्त्य देशांत यकृत बहुतांशी मेंदूमृत दात्याकडून मिळते. कोणते यकृत केव्हा येईल हे आधी माहीत नसते, त्यामुळे दात्याच्या पेशी आगाऊ तयार ठेवता येत नाहीत. आपल्याकडे १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यानंतर यकृत प्रत्यारोपणाचा मोठा भाग जवळच्या नातेवाइकांनी दिलेल्या यकृताच्या तुकड्यावर उभा राहिला. मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथल्या विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्रांमार्फत मरणोत्तर दानासाठी प्रयत्न चालू असले, तरी अनेक कुटुंबांपुढे वास्तव पर्याय घरातल्याच माणसाचा असतो. त्यातून एक वैज्ञानिक संधी निर्माण होते. दाता माहीत, शस्त्रक्रियेची तारीख ठरलेली. होक्काइदो आणि पिट्सबर्गच्या पद्धतींना हेच हवे असते. यकृताच्या सहिष्णू स्वभावाचा उपयोग करण्याची कल्पनाही इथे नवी नाही. अहमदाबादमध्ये डॉ. एच. एल. त्रिवेदी आणि सहकाऱ्यांनी मूत्रपिंड प्रत्यारोपणाआधी दात्याच्या मूलपेशी मुद्दाम पोर्टल रक्तप्रवाहात, म्हणजे यकृताच्या दारात, सोडण्याची पद्धत अनेक वर्षे राबवली. ती प्रामुख्याने त्या संस्थेपुरतीच राहिली, पण तिच्यामागचा विचार काल्न यांच्या डुकरांपर्यंत मागे जातो, आणि भारतीय वाचकाने तो जाणून घ्यावा इतका मौलिक आहे. आपल्याकडे जंतुसंसर्गाचे, विशेषतः क्षयाचे ओझे जास्त असल्याने प्रतिकारशक्ती दबलेली ठेवण्याची किंमतही इथे जास्त पडते.

इथेच एक सावधगिरी हवी. स्टेम सेलच्या नावाने सिरॉसिसपासून मधुमेहापर्यंत सगळे बरे करण्याच्या जाहिराती वाचकाने पाहिल्या असतील. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि जैवतंत्रज्ञान विभाग यांच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या ठरावीक आजारांसाठीचे मूलपेशी प्रत्यारोपण सोडले, तर बाकी सगळा वापर मान्यताप्राप्त चाचणीतच व्हायला हवा. या पुस्तकातल्या पेशींचा त्या बाजाराशी काही संबंध नाही. त्या नोंदणीकृत चाचण्यांमधल्या, मोजून दिलेल्या आणि ज्यांचे अपयशही छापले गेले आहे अशा पेशी आहेत. रुग्णाच्या नातेवाइकाला हा फरक करता यावा, एवढे जरी या पुस्तकाने साधले तरी मला ते मोलाचे वाटेल.

पुस्तकाचा वाचक एकच एक नाही. वैद्यकाचा विद्यार्थी, जीवशास्त्र शिकवणारा शिक्षक, यकृत देण्याचा विचार करणारी बहीण आणि गोळ्यांची पंचविशी गाठलेला रुग्ण, असे सगळे इथे येतील. म्हणून लेखकांनी प्रतिकारशास्त्राची पूर्वतयारी गृहीत धरलेली नाही. मात्र मूळ प्रयोगांचे तपशील, त्यांतले रुग्णसंख्येचे आकडे आणि त्यांच्या मर्यादा कुठेही गाळलेल्या नाहीत. प्रयोगशाळेतून आलेले लेखक आणि शस्त्रक्रियागृहातून आलेले लेखक काही ठिकाणी एकाच चाचणीचा वेगळा अर्थ लावतात. संपादकांनी तो भेद जुळवून घेतला नाही, हे बरे केले. कुठल्या रुग्णावर चाचणी करावी, याबद्दलचा वाद तर मुद्दाम उघडा ठेवला आहे. शस्त्रक्रियेच्या वेळीच पेशी देणे शास्त्राला सोयीचे आहे. पण तोच क्षण रुग्णाचा आणि दात्याचाही सर्वांत अगतिक असतो, आणि त्या वेळी दिलेल्या संमतीची किंमत काय, हा प्रश्न आपल्या कुटुंबव्यवस्थेत अधिकच टोकदार होतो.

आणखी एक प्रश्न पुस्तकात वारंवार येतो आणि त्याचे उत्तर अजून कोणत्याच विचारधारेकडे नाही. होक्काइदोच्या दहांपैकी ज्या तिघांना औषधे परत घ्यावी लागली, त्या तिघांचेही मूळ यकृत स्वप्रतिकारी आजाराने गेले होते. औषधे थांबवण्याच्या बहुतेक चाचण्यांतून अशा रुग्णांना आधीच वगळले जाते. त्यांचे शरीर दात्याला नाकारण्याच्या आधीपासून यकृताला, आपल्या स्वतःच्या यकृताला, नाकारत आले होते. दात्याला ओळखणाऱ्या नियामक पेशी त्यांना द्याव्यात, तर त्या अर्ध्याच भांडणात पडतात. यकृताच्या स्वतःच्या खुणा ओळखणाऱ्या पेशी घडवाव्यात, तर त्या खुणा नेमक्या कोणत्या, हे आधी ठरवावे लागेल. प्रायमरी बिलियरी कोलॅंजायटिस आणि स्क्लेरोझिंग कोलॅंजायटिस या अशाच आजारांवरचे या पुस्तकातले दोन लेख तिथून सुरू होतात.